दोनदा गाळलेला रस

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठात उत्तरपत्रिका तपासत होते. कामाच्या वेळी तो सहसा फोन करत नाही.

"पी-टू लागलं," एवढंच म्हणाला.

"काय लागलं?"

"घरी ये, सांगतो. आणि खाली कुणाला कळता कामा नये."

फौजेत दरवर्षी माणूस तपासून त्याला पाच इंग्रजी अक्षरांत बसवतात: मन, कान, हातपाय, शरीर, डोळे. पाचही अक्षरांपुढे एक आकडा असला की तो 'शेप वन'. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी मला हा प्रकार आंब्याच्या पेटीवर प्रत लिहिण्यासारखाच वाटत आला होता. नवऱ्याची पेटी आजवर पहिल्या प्रतीची होती. त्या ऑक्टोबरात शरीराच्या 'पी' या अक्षरापुढे दोन आला. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, रक्तातली चरबी उंबरठा ओलांडून आत, आणि पोटाचा घेर पट्ट्याला केव्हापासून ठाऊक होता तेवढा.

कर्नलचा ब्रिगेडियर करण्यासाठी बोर्डानं त्याचं नाव मंजूर केलं होतं. उन्हाळ्यात डोंगरातली एक ब्रिगेड रिकामी होणार होती आणि ती त्याची, असं सगळे धरून चालले होते. पण शेप वन नसेल तर डोंगर नाही, आणि डोंगर नाही तर हुद्दाही अडला. एप्रिलमध्ये फेरतपासणी होती. तेव्हा दोनाचा एक झाला तर ठीक. नाहीतर ब्रिगेड काही कुणासाठी थांबून राहत नसते.

खांद्यावरच्या पितळेबद्दल मला फारसा आदर नाही. मी इतिहास शिकवते. पितळेनं काय काय करून ठेवलं आहे ते वर्गात सांगून मी पोट भरते. पण हा माणूस पंचवीस वर्षं त्या एका जागेकडे चालत आला होता, हे मला दिसत होतं. ती हुकली तर तो कुणाला काही बोलणार नाही, मलासुद्धा नाही, आणि तेच मला भीतीचं वाटत होतं.

घरी आल्यावर त्यानं मोहीम आखली. साखरेचा डबा माळ्यावर गेला. चहा बिनसाखरेचा झाला, भात अर्धा झाला, बिस्किटं सीमापार झाली. मुलगी अकरावीत, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. रिकाम्या फडताळाकडे बघून ती म्हणाली, "पापा, घर है या बंकर?"

"बंकरमध्ये शंकरपाळे मिळतात," तो म्हणाला. "इथे तेही नाहीत."

बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आलं. पहिल्या महिन्यात आकडे खाली उतरले. त्याचा आवाज पूर्ववत झाला, पट्ट्याचं एक भोक मागे गेलं. मग डिसेंबर आला, आणि डिसेंबरबरोबर किन्नू.

किन्नू म्हणजे संत्र्याचा पंजाबी चुलतभाऊ. भरदार, रसाळ, सोलायला जरा अडेलतट्टू. हिवाळ्यात उत्तरेतल्या या आमच्या शहरात प्रत्येक चौकात त्याचे ढीग लागतात. आमच्याकडे तो खालून यायचा, आणि फळाच्या रूपात कधीच नाही.

आम्ही राहतो तो एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला. खाली घरमालक: निवृत्त ब्रिगेडियर, पंच्याहत्तरी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, अजून खिळ्यासारखे ताठ. मी आणि मुलगी इथे आधीपासून होतो. नवरा बदलीच्या गावांहून येऊन-जाऊन असायचा आणि अखेर छावणीतल्या ऑफिसात बदली होऊन आमच्यात राहायला आला. तोवर खालच्यांना बोलायला फक्त एक इतिहासाची बाई होती. वरच्या मजल्यावर कर्नल मिळाल्यावर त्यांच्या सकाळी उजळल्या. दोघं पहाटे तळ्यावर चालायला जात, आणि परत आले की लॉनवर रस.

त्या रसाचा सोहळा पाहण्यासारखा होता. कॅनडातल्या मुलानं पाठवलेलं, संथ पिळणारं यंत्र. त्याला लोकरीची विणलेली टोपी. ट्रेवर मणी लावलेला जाळीचा रुमाल. ग्लासांवर त्यांच्या पलटणीचं चिन्ह. यंत्रातून आलेला रस ब्रिगेडियर स्वतः मलमलीतून गाळत, आणि मग पुन्हा एकदा गाळत. ग्लासात किन्नूचा एक धागा दिसला तरी तो त्यांना वर्दीवरच्या सुटलेल्या दोऱ्यासारखा खुपायचा. चोथा जायचा गुलाबांच्या मुळाशी. एका ग्लासाला सहा किन्नू लागतात हे ते नव्या पाहुण्याला हमखास सांगत.

"फुल पॉवर, कर्नल. कचरा ज़ीरो."

"थँक यू, सर."

उभ्यानं, एका दमात. मलाही त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. मी "नको" म्हटलं आणि विषय संपला. मी सिव्हिलियन, नकाराचा अधिकार मला जन्मतः आहे.

डिसेंबरच्या अखेरीला आकडे पुन्हा चढू लागले. नवऱ्यानं चालणं वाढवलं. आकडे वाढले. त्यानं पोळ्या कमी केल्या. आकडे तरीही वाढले. टेबलावर ते छोटं यंत्र असायचं आणि त्याच्याभोवती आम्ही तिघं, कुणी मोठ्यानं श्वास घेत नसे. एका रविवारी मी म्हटलं, "तो रस थांबवून बघ थोडे दिवस."

"फळाचा रस आहे गं. दारू नाही."

"सहा फळांचा आहे."

"फळं वाईट असतात का? तूच सांग. सगळं जग सांगतंय फळं खा."

"खा म्हणतंय. पी नाही म्हणत."

"सरांकडे बघ. या वयात माझ्यापुढे चालतात."

"आमच्या विषयात एका माणसावरून निष्कर्ष काढणाऱ्याला नापास करतात."

"तुझ्या विषयात सगळे मेलेले असतात," तो म्हणाला आणि उठून गेला.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, पॉइंट तो है उनका." मी तिला ताट उचलायला सांगितलं.

खरी अडचण रसाची नव्हती, हे मला हळूहळू कळलं. ब्रिगेडियरांना त्याच्या पी-टूची गोष्ट माहीतच नव्हती. निम्मी फौज त्यांना ओळखत होती आणि तळ्यावर चालणारी सगळी निवृत्त मंडळी त्यांच्या तोंडून बातम्या ऐकत होती. नवरा म्हणायचा, यांना कळलं की सूर्य उगवायच्या आत छावणीत कळलं. पण तेही पूर्ण खरं नसावं. आपल्यावर दोनाचा शिक्का आहे हे त्या ताठ म्हाताऱ्यापुढे उच्चारणंच त्याला जमत नव्हतं. ग्लास नाकारायचा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण द्यायचं नव्हतं. म्हणून हा माणूस ज्या साखरेपासून घरभर पळत होता, तीच दररोज सकाळी सावधान उभा राहून पीत होता.

जानेवारीत मराठी मंडळाचं तिळगूळ झालं, शहराला लागून असलेल्या झिरकपूरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. एका सभासदानं अध्यक्षांचा परिचय करून दिला, अध्यक्षांनी प्रमुख पाहुण्यांचा, आणि प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचा. तिळगूळ येईपर्यंत सगळ्यांनाच गोड बोलणं कठीण झालं होतं. नवऱ्यानं तिळाची वडी अशा चेहऱ्यानं नाकारली की देणारी बाई ओशाळली. मग वेटर ट्रे घेऊन आला आणि नवऱ्यानं खोक्यातल्या मिक्स फ्रूट रसाचा ग्लास उचलून रिकामा केला, आणि दुसरा घेतला.

"अरे बाप्पा," शेजारून आवाज आला. "काय करून राहिले तुम्ही, कर्नल साहेब?"

या आमच्या मंडळातल्या डॉक्टरीणबाई. मूळच्या नागपूरच्या, इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवतात आणि किन्नूला संत्रं म्हणणाऱ्याशी दोन दिवस बोलत नाहीत.

"शुगर बॉर्डरवर आहे, मॅडम," नवरा हळू आवाजात म्हणाला. "म्हणून वडी नको म्हटलं."

"वडी नाही, आणि हे दोन ग्लास? वडी खाल्ली असती तर बरं झालं असतं. तिळात काहीतरी चावायला तरी असते."

"फळांचा आहे."

"होता. कधीकाळी," त्या म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं: मलमल, दोनदा गाळणं, सहा किन्नू. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शत्रूला नकाशाच दिला होता.

बाई हसल्या नाहीत. "मी एक विचारते," त्या म्हणाल्या. "सहा किन्नू सोलून, एकेक फोड चावून खायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"सहा खाणारच नाही. दोनात पोट भरेल."

"मंग? तेच तर सांगून राहिली. तुमच्यापाशी एक शिपाई आहे जो तुम्हाला दोनावर थांबवतो, आणि तुम्ही त्यालाच गाळून गुलाबाला देता."

मग त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. फळातली साखर धाग्यांच्या आणि पापुद्र्यांच्या जाळ्यात अडकलेली असते. चावून खाल्लं तर ती सावकाश सुटते, सावकाश रक्तात जाते. पिळून गाळलं की ती एकदम धावत येते. यकृताला ती सांभाळता सांभाळता तिची चरबी करून ठेवावी लागते, आणि तीच मग रिपोर्टात दिसते. फोडीवरचा जो पांढरा भाग आपण सोलून टाकतो, त्यातला तंतू पोटात खळीसारखा फुगतो. पित्त स्वतःबरोबर बाहेर घेऊन जातो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. राहिलेल्या चोथ्यावर आतड्यातले जंतू जगतात आणि तेही आपल्या कामाचेच असतात.

"म्हणजे फळं खाल्ली की हृदय ठणठणीत?" मी विचारलं. सवय आहे मला.

"असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा ताई. सालीसकट फळं खाणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयाचा त्रास कमी दिसतो, हे पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे लोकांनी. पण अशी माणसं चालतात पण, सिगारेट पण ओढत नाहीत. सगळं श्रेय पेरूला देता येत नाही. फळ औषध नाही आहे. गाळलेला रस मात्र आजाराला जेवू घालणं आहे, एवढं नक्की."

नवऱ्यानं विचारलं, "एप्रिलमध्ये रक्त देणार आहे. त्याआधी आठवडाभर कडक उपास केला तर?" फौजेत हे चालतं. तपासणी जवळ आली की मोठमोठे अधिकारी उकडलेल्या भोपळ्यावर येतात.

"आदल्या दिवशीची साखर उतरेल. पण ते दुसरी एक तपासणी करतील ना, तिला मागच्या तीन महिन्यांची आठवण असते. तिला फसवता नाही येत." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. "आजपासून मोजा तुम्ही," त्या म्हणाल्या.

परतताना झिरकपूरच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. मुलगी मागे कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती. नवऱ्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा डबा तसाच होता. आईनं केळं दिलेलं. ते खाल्लं नव्हतं."

माझे सासरे शाळेत शिकवायचे. वर्गात फळ्यापाशीच छातीत कळ येऊन गेले, पन्नाशी नुकतीच गाठलेली असताना. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं हा विषय आपणहून काढला नव्हता. गाड्या हलल्या.

घरी पोचल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून फळ बंद. एकदम."

"अरे, त्यांनी उलटं सांगितलं. फळ खा, रस—"

"पक्कं काहीतरी सांग यार. हो किंवा नाही. हे असं खा आणि तसं नको, मला जमत नाही."

"आणि खाली काय सांगशील?"

तो गाडीची किल्ली खिळ्याला अडकवून आत गेला.

पुढचे काही दिवस मी गॅलरीतून बघत होते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सर, ऊपर जाकर पीता हूँ." ब्रिगेडियर म्हणाले, "ऊपर क्या है? यहीं पियो, ताज़ा है." तो प्यायला. दुसऱ्या दिवशी घसा खराब असल्याचं सांगितलं. ब्रिगेडियरांनी त्यात आलं घातलं. तिसऱ्या दिवशी तो चालायलाच गेला नाही, तर म्हातारा ट्रे घेऊन जिना चढून वर आला, गुडघे धरत. दार मी उघडलं. "कर्नल साहब बीमार हैं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. नवरा आतून आला, थँक यू सर म्हणाला आणि दारातच ग्लास रिकामा केला. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि कोणाचा जास्त हे ठरवता येईना.

"उद्या मी सांगते त्यांना," मी दार लावून म्हटलं.

"तू काही सांगणार नाहीस."

"आठशे जवानांची पलटण चालवलीस. एका ग्लासाला नको म्हणता येत नाही?"

"ते सीनियर आहेत."

"निवृत्त आहेत."

"सीनियर निवृत्त होत नसतो."

"मग तू तुझी ब्रिगेड त्यांना गुरुदक्षिणा म्हणून दे. गाळून."

हे जरा जास्त झालं. त्यानं रिकामा ग्लास इतक्या हळू टेबलावर ठेवला की आपटला असता तर बरं झालं असतं. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि आमच्याकडे बघून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपणहून, मराठीत म्हणाली, "भांडू नका ना." तिच्या तोंडून ते इतकं परकं वाटलं की भांडण तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. गॅलरीतून लॉनवरची माणसं दिसत नव्हती, फक्त आवाज वर येत होते. यंत्राची घरघर थांबली. मग ग्लासाचा किणकिणाट.

"सर, मैं नहीं पी सकता."

"फिर गला?"

"नहीं सर. गला ठीक है. मैं... मेरी कैटेगरी गिर गई है, सर. पी-टू. शुगर."

मी कठडा धरून उभी होते.

"कब से?"

"अक्टूबर से, सर."

"और रोज़ पीते रहे?"

"जी सर."

"क्यों?"

"आप देते थे, सर."

मग दरवाजा लोटल्याचा आवाज आला आणि ट्रेवरचे मणी वाजत वाजत घरात गेले. नवरा वर आला तेव्हा त्याच्या केसांवर धुक्याचे थेंब होते. "झालं," तो म्हणाला. बूट मात्र काढायला विसरला. हा माणूस गोळीबारातून आलेला आहे, तेव्हाची हकीकत तो मला शांतपणे सांगू शकतो.

लॉनवरचा सोहळा बंद झाला. ब्रिगेडियर एकटेच तळ्यावर जाऊ लागले, वेळ बदलून. जिन्यात भेटले की मला "गुड मॉर्निंग, मैडम" म्हणत आणि नवऱ्याला नुसती मान हलवत. छावणीत बातमी गेली नाही. एका शब्दानंही नाही. नवरा हे रोज तपासत होता, वाईट वाटून घेत होता आणि तरी तपासत होता.

फळांचं मात्र मला लढून जिंकावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर त्याला दोनदा दटावलं तेव्हा कुठे तो फळाकडे वळला: सफरचंद सालीसकट, पेरू बियांसकट, किन्नू एकच, पण धागे न काढता. त्याला चावता येत नाही हे तेव्हा लक्षात आलं. लष्कराच्या प्रबोधिनीत कॅडेटांना जेवायला जेमतेम काही मिनिटं देतात. पंचवीस वर्षं तो घास गिळत आलेला. पेरू त्याच्यापुढे तोफगोळ्यासारखा पडून राहायचा. "हे काम आहे," तो म्हणायचा. "मला ऑफिस आहे." मी म्हणायचे, काम आहे म्हणूनच ते साखरेला थांबवतं. डाळी वाढल्या, गावाहून ज्वारीचं पीठ मागवलं, ताटात कोशिंबीर आधी आणि भाकरी नंतर आली. फेब्रुवारीत आकडे खाली येऊ लागले. हे कशामुळे, मला सांगता येणार नाही. रस थांबला, चावणं सुरू झालं, चालणं होतंच. इतिहासाच्या माणसाला एका कारणावर विश्वास ठेवता येत नाही. पण टेबलावरच्या त्या यंत्राला माझ्या तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. ते आकडा दाखवायचं, आणि आकडा उतरत होता.

फेरतपासणीच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकानं त्याला सांगितलं, चार दिवस फक्त पाण्यावर राहा, पक्का पास. तो मोहात पडला. रात्रीचं ताट न घेता उठू लागला तेव्हा मी म्हटलं, "परीक्षेच्या आदल्या दिवशी जागणारी पोरं मी ओळखते. तीन महिन्यांचा पेपर आहे हा." तो पुन्हा बसला. भाकरीचा तुकडा मोडला. त्याला भूक नव्हती, मलाही नव्हती.

निकालाच्या दिवशी माझा तास होता. काय शिकवलं ते आठवत नाही. फोन आला नाही. घरी आले तर मुलीनं मिठाईचा पुडा आणून ठेवला होता, कुठली खबर नसताना, आपल्या हौसेनं. "रिस्क लिया मैंने," ती म्हणाली. नवरा संध्याकाळी आला, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले.

"चरबी पुष्कळ उतरली," तो म्हणाला. "कंबर पास. तीन महिन्यांची साखर रेषेच्या अगदी काठावर, बाहेरच्या बाजूला. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, सुधारणा उत्तम आहे, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी बघू."

"म्हणजे?"

"पी-टू."

मुलीनं पुडा उचलून फ्रिजमागे ठेवला, जणू तिथे तो कुणाला दिसला नसता. त्या तीन महिन्यांच्या हिशेबात जानेवारीतले ग्लास किती होते, हे आम्ही बोललो नाही.

थोड्या वेळानं खालून हाक आली. "कर्नल!" किती आठवड्यांनी. तो अनवाणीच खाली गेला. मी गॅलरीत गेले नाही; पण आमच्या घराच्या भिंती तशा पातळ आहेत.

"हुआ?"

"नहीं सर. छह महीने और."

"ब्रिगेड?"

"जाएगी, सर."

मग म्हाताऱ्याचा आवाज, अगदी वेगळा. "मेरे जूस से?"

"आपने तो दिया था, सर," नवरा म्हणाला. "पिया मैंने."

ब्रिगेड जूनमध्ये दुसऱ्याला मिळाली, नवऱ्याबरोबरच प्रबोधिनीतून निघालेल्या एकाला. सोहळ्याचे फोटो फोनवर आले: फीत, सलामी, फुलांचा भला मोठा गुच्छ, आणि मधे तो, हसणारा, थोडा सुटलेला. नवऱ्यानं फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग त्याला फोन लावला. मी भाजी निवडत शेजारीच बसले होते. अभिनंदन केलं, मनापासून केलं. घर कसं आहे, रस्ता कसा आहे, हवामान कसं आहे विचारलं. आता ठेवील असं वाटलं. पण तो ठेवेना. खिडकीकडे तोंड करून, आवाज खाली आणून म्हणाला, "सुन यार, एक बात बता. तू सुबह-सुबह क्या पीता है?"